बाळंतिणीचा चहा आणि साखरेचा डबा



या पानावर आपण खत, पाणी, बियाणे आणि रोगराई यांविषयी बोलत असतो. आजचा विषय जरा निराळा आहे. लहान बाळ पदरात असलेल्या बाईच्या पोटात रोज किती साखर जाते, त्याविषयी आज बोलायचे आहे. कृषी अधिकाऱ्याने या भानगडीत कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. त्याचे म्हणणे खोटे नाही. मी डॉक्टर नव्हे, आणि औषधपाण्याचे डॉक्टरांनाच विचारावे. पण उसाला नत्र किती दिले हे ज्या घरी वहीत लिहून ठेवतात, त्याच घरी लेकुरवाळ्या सुनेला साखर किती जाते याचा पत्ता कोणालाच नसतो, हे मी डोळ्यांनी पाहिले. म्हणून लिहितो.

दिवाळीनंतर एका वस्तीवर खोडव्याची पाहणी करायला गेलो होतो. घरचे आबा जुन्या ओळखीचे. पाचट न जाळता सरीत कुजवायचे, हे त्यांनी तीन वर्षांपूर्वी ऐकले आणि तेव्हापासून कसोशीने पाळले. खोडवा पाहून झाला आणि आम्ही ओसरीवर टेकलो. वहिनींनी चहा आणला. पहिल्याच घोटाला ओठ चिकटले. मी काही बोललो नाही, कारण आपल्याकडे पाहुण्याचा चहा गोड नसेल तर घराची अब्रू जाते.

आतल्या दाराशी त्यांची धाकटी सून चार महिन्यांचे बाळ मांडीवर घेऊन बसली होती. एका हाताने बाळ सावरायचे आणि दुसऱ्या हाताने बिस्किट चहात बुडवून खायचे, असे चालले होते. अकरा वाजून गेले होते. मी सहज विचारले, "काय सूनबाई, न्याहारी झाली का?" ती ओशाळून म्हणाली, "हीच न्याहारी, काका. भाकरीला दोन हात लागतात. बाळ मांडीवर असलं की एका हाताने जे खाता येतं तेवढंच खाते. पुडा कधी संपतो ते कळतच नाही."

तिचे हे बोलणे माझ्या मनात घर करून राहिले. पुढे बोलता बोलता कळले की सातव्या महिन्यात तपासणी झाली तेव्हा तिच्या रक्तात साखर वाढलेली निघाली होती. बाळंत होईपर्यंत तिने पथ्य पाळले. बाळंतपण सुखरूप झाले आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. दीड महिन्याने पुन्हा तपासायचे असते, हे कोणाच्या ध्यानातच राहिले नाही. 'बाळंत झाली, साखर गेली' असे धरून चालले. आता ती सारखी दमते, डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणते आणि दुपारी अंग गळून जाते, असे वहिनी सांगत होत्या. उपाय म्हणून लाडू एकाचे दोन केले होते.

हिशेब मांडून पाहिला

आबांची खताची वही समोरच होती. म्हटले, आबा, एक कोरे पान द्या. महिन्याला साखर किती लागते? बारा किलो. घरात मोठी माणसे सहा. पै-पाहुणा आणि गड्यांच्या चहाचे तीन किलो वजा केले. राहिले नऊ किलो. तीस दिवसांनी भागले तर रोजचे तीनशे ग्रॅम, म्हणजे माणशी 50 ग्रॅम. यात गूळ, बिस्किटे आणि लग्नकार्यातले गोडधोड धरलेलेच नाही.

मग सूनबाईंचे वेगळे पान केले. दिवसाला पाच कप चहा, कपात अडीच चमचे. चमच्यात चार-पाच ग्रॅम साखर बसते, तेव्हा चहाचीच 50 ग्रॅम झाली. त्यात बिस्किटांचा पुडा. साध्या गोड बिस्किटात चौथा हिस्सा साखरेचा असतो. शंभर ग्रॅमचा पुडा संपला की पाच चमचे साखर पोटात गेली. वहिनींनी अर्धा किलो गूळ घालून पंचवीस लाडू वळले होते, म्हणजे एका लाडवात 20 ग्रॅम गूळ. दोन लाडवांचे 40 ग्रॅम. सगळी बेरीज शंभर ग्रॅमच्या पुढे गेली.

आता याला माप काय? जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितलेले माप असे आहे : वरून घातलेली साखर, गूळ, मध आणि रसातली साखर मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत हवी, आणि पाच टक्क्यांच्या आत ठेवता आली तर आणखी चांगले. दोन हजार कॅलरींचा आहार धरला तर दहा टक्के म्हणजे 50 ग्रॅम आणि पाच टक्के म्हणजे 25 ग्रॅम, साधारण पाच-सहा चमचे. सूनबाई या मापाच्या कितीतरी पुढे होत्या, आणि तरीही त्यांच्या पोटात धड जेवण जात नव्हते.

आबा बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "साहेब, हे म्हणजे युरियासारखं झालं की."

अगदी बरोबर. युरिया फार पडला की ऊस काळाभोर हिरवागार दिसतो, शेजारी कौतुक करतात. पण तोच ऊस लोळतो आणि उतारा घटतो. गोड खाल्ले की घटकाभर तरतरी येते. ती ओसरली की पुन्हा गळाठा, पुन्हा चहा, पुन्हा बिस्किट. अंगाला हवी असलेली प्रथिने, लोह आणि कॅल्शियम त्यातून काही मिळत नाही.

"मग दूध कशाने येणार?"

वहिनींनी लगेच हरकत घेतली. "बाळंतिणीला गोडधोड नाही द्यायचं, तर दूध कशाने येणार?" मायबहिणींनो, हा प्रश्न घरोघरीचा आहे आणि तो मायेपोटी आलेला आहे. म्हणून त्याचे उत्तर नीट ऐका.

आईच्या दुधात स्वतःची अशी एक साखर असते, शंभर मिलिलिटरमागे सुमारे सात ग्रॅम. आईचे अंग ती आपली आपण तयार करते. आईने साखर जास्त खाल्ली म्हणून ती वाढत नाही आणि कमी खाल्ली म्हणून घटत नाही. दूध किती येणार हे मुख्यतः बाळ किती वेळा आणि किती नीट ओढते यावर ठरते. जितके ओढेल तितके नवे येईल. गाईची धार पुरती काढली नाही की ती आटू लागते, हे आपल्याला सांगायला नको. त्याच्या जोडीला आईला पोटभर जेवण, तहान भागेल इतके पाणी आणि थोडी झोप हवी.

जेवण मात्र खरोखरच जास्त हवे. पहिले सहा महिने दूध पाजणाऱ्या बाईला रोजच्यापेक्षा सुमारे 600 कॅलरी आणि 17 ग्रॅमच्या आसपास प्रथिने जास्त लागतात, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे माप आहे. पुढच्या सहा महिन्यांत सुमारे 520 कॅलरी जास्त लागतात. तेव्हा साखर कमी करा म्हणजे बाईचे खाणे कमी करा, असा अर्थ कोणीही काढू नये. 'अंग सुटलंय, आता बेताने खा' म्हणून अंगावर पाजणाऱ्या बाईला अर्धपोटी ठेवणे हा अन्याय आहे.

या 600 कॅलरी येतात कशातून? एक ज्वारीची भाकरी, वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ, मूठभर शेंगदाणे आणि पेलाभर दूध. झाले. यातले बहुतेक घरचेच आहे आणि त्यात चमचाभरही साखर नाही.

गुळाचे काय?

गूळ साखरेपेक्षा बरा, असे आपण मानतो. त्यात थोडे लोह आणि काही खनिजे असतात हे खरे. पण गुळाचा फार मोठा भाग ही साखरच आहे, कारण दोन्ही एकाच उसाच्या रसातून येतात. रक्तात गेल्यावर शरीर त्यात भेद करीत नाही. मध आणि खडीसाखर यांचेही तेच. तेव्हा चहातली साखर काढून तिथे तेवढाच गूळ टाकला, तर घर बदलले पण भाडेकरू तोच राहिला.

उसाच्या रसाविषयी तर आपल्यालाच जास्त कळायला हवे. कारखान्याचा माणूस तोडणीआधी ब्रिक्स पाहतो. ब्रिक्स 18 आले म्हणजे शंभर ग्रॅम रसात 18 ग्रॅम विरघळलेला माल आहे आणि त्यातली बहुतेक साखर आहे. त्या रसाचा दोनशे मिलिलिटरचा पेला घेतला की तीस ग्रॅमच्या वर साखर एका दमात गेली. बाटलीतल्या थंड पेयाची गतही अशीच आहे, तीनशे मिलिलिटरच्या बाटलीत तीस ग्रॅमच्या आसपास. फळ मात्र चावून खावे. पेरू, संत्रे, पपई यांत तंतू असतात आणि पोटही भरते.

दुकानात 'ताकदीची' म्हणून विकली जाणारी, दुधात घालायची पावडर घेताना डब्याची मागची बाजू वाचा. शंभर ग्रॅममागे साखर किती आणि त्यातली वरून घातलेली किती, हे तिथे छापलेले असते. अक्षर बारीक असते, पण घरातले शाळेत जाणारे पोर वाचून दाखवील.

एका हाताचे खाणे

आता मुख्य गोष्ट सांगतो. सूनबाई बिस्किटे हौसेने खात नव्हती. रात्री तीनदा उठायचे, पहाटे पाणी भरायचे, सकाळी डबे करायचे, बाळाचे कपडे धुवायचे, आणि सगळ्यांची जेवणे उरकली की मग थंड भाकरीवर बसायचे. तोवर बाळ उठते. झोप अपुरी झाली की गोडाची ओढ वाढते, हेही आता अभ्यासातून दिसून आले आहे. अशा बाईला 'साखर सोड' असा नुसता उपदेश करणे म्हणजे पाणी न देता पिकाला 'वाढ' म्हणण्यासारखे आहे. तिला वेळेवर जेवण मिळाले नाही, म्हणून ती जागा साखरेने भरून काढली. जेवण परत आले की साखर आपोआप मागे सरते.

म्हणून बिस्किट काढायचे तर त्याच्या जागी एका हाताने खाता येईल असे दुसरे काहीतरी आधी ठेवले पाहिजे. आम्ही त्या दिवशी तिथेच बसून यादी केली. फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, ज्वारीच्या तिखटमिठाच्या लाह्या, उकडलेले अंडे, भिजवून उकडलेले हरभरे, थालीपिठाचे तुकडे, चटणी-तूप लावून गुंडाळी केलेली पोळी, दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी. पेल्यातून पिता येईल असे ताक आणि नाचणीची मिठाची आंबील. गोडाची इच्छा झालीच तर दोन खजूर किंवा मूठभर भिजवलेल्या मनुका. यांतही साखर असते, म्हणून मूठ सोडून वाटी नको.

यातले दोन-तीन जिन्नस झाकणाच्या डब्यात भरून, पाण्याच्या तांब्यासह बाळाच्या पाळण्याशेजारी ठेवावेत. रात्री दोन वाजता भूक लागली की हात डब्यात जाईल. बिस्किटांचा डबा मात्र वरच्या फळीवर जाऊ द्या. जवळ असते तेच खाल्ले जाते.

डबा भरायचे काम सूनबाईचे नव्हे. हे काम नवऱ्याचे किंवा सासूबाईंचे. रानात जाताना आपण बैलांची वैरण टाकल्याशिवाय निघत नाही. तसेच डबा भरल्याशिवाय निघायचे नाही, असा नेम करावा. आणि दोन वेळा बाळंतिणीचे ताट पहिल्या पंगतीला वाढावे. ती जेवत असताना बाळ दुसऱ्याने घ्यावे. अर्धा तास आजोबांनी नातू मांडीवर घेतला तर आजोबांचे काही बिघडत नाही.

चहा आणि लाडू

चहा एकदम बंद करू नका, टिकत नाही. पातेल्यातच साखर टाकायची सवय आधी मोडा. चहा बिनसाखरेचा उकळा आणि साखर कपात घाला, म्हणजे कोण किती घेतो ते दिसते. मग दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. अडीचचे दोन, दोनचा दीड. जीभ दोन-तीन आठवड्यांत सरावते, आणि पुढे पहिला चहा तोंडात धरवत नाही. आले, गवती चहा, वेलदोडा घातला की गोडीची उणीव फारशी भासत नाही. पाच कपांचे तीन करा, तेही अर्धे अर्धे.

आणखी एक सांगायचे म्हणजे जेवणाबरोबर चहा नको. चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. जेवणानंतर तासभर जाऊ द्यावा. भाजी-वरणावर लिंबू पिळले तर लोह चांगले शोषले जाते. बाळंतपणानंतर 180 दिवस लोहाच्या गोळ्या घ्यायच्या असतात आणि त्या सरकारी दवाखान्यात मिळतात. गोळी चहाबरोबर कधीच घेऊ नये. अंधारी येते, दम लागतो, याचे कारण बऱ्याचदा रक्त कमी असणे हे असते आणि त्यावर लाडू हा उपाय नव्हे. आशाताईंना सांगून रक्त तपासून घ्यावे.

आता डिंकाचा लाडू. तो टाकून द्या असे मी म्हणणार नाही. तळलेला डिंक, सुके खोबरे, खारीक, खसखस, तूप, सुंठ, मेथी हे आपल्या आज्यांनी विचाराने जमवले आहे. पण आज्यांच्या काळी साखर रेशनवर मोजून मिळायची, चहा दिवसातून एखाद-दोनदा व्हायचा आणि पुडे नव्हतेच. सबंध दिवसाचे गोड त्या एका लाडवात असे. आज लाडू तोच आहे, पण भोवतालचे गोड कितीतरी वाढले आहे.

म्हणून लाडू दिवसाला एकच, आणि गूळ कमी करून. त्याच पंचवीस लाडवांना अर्ध्या किलोऐवजी दीडशे ग्रॅम गूळ घ्या आणि खारकेची पूड पाव किलो वाढवा. लाडवामागे गूळ वीसचा सहा ग्रॅमवर येतो. गोडी खारीक देते. वळायला कोरडे वाटले तर चमचाभर तूप जास्त घाला. तरी नाहीच वळले तर तशीच पूड बरणीत भरून ठेवा आणि दोन चमचे दुधात घालून द्या. अळिवाची खीरही कमी गुळाची चांगली लागते. ज्या बाईला गरोदरपणी साखर निघाली होती, तिने लाडवाचे आणि खजूर-मनुकांचे माप मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

मातीपरीक्षणासारखे रक्तपरीक्षण

ज्या बाईला गरोदरपणी रक्तात साखर निघाली, तिची साखर बाळंतपणानंतर बहुधा खाली येते. पण पुढच्या आयुष्यात कायमचा मधुमेह जडण्याचा धोका इतर बायकांपेक्षा सात-दहा पटींनी जास्त राहतो. म्हणून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तपासणी करायची असते. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी रक्त पाहतात. आकडा 140 च्या आत आला तर ठीक. 140 ते 199 म्हणजे उंबरठ्यावर. 200 किंवा वर म्हणजे मधुमेह समजून पुढची तपासणी आणि उपचार करायचे.

बाळाची दीड महिन्याची लस याच सुमारास असते. त्याच दिवशी आईचीही तपासणी उरकता येते. उपाशीपोटी यायचे का, ते आशाताईंना आदल्या दिवशी विचारून ठेवा. दिवस उलटून गेले असतील तरी हरकत नाही, आज करा. आकडा चांगला आला तरी दर वर्षी एकदा पाहणे बरे. शेताची माती आपण एकदाच तपासून थांबत नाही.

बाळाला अंगावर पाजणे हे बाळाच्या भल्याचे आहेच, शिवाय त्याने आईचा पुढचा मधुमेहाचा धोकाही कमी होतो. मात्र ज्या बहिणीला इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू आहेत, तिने मनाने जेवण किंवा गोडाचे माप बदलू नये. पाजणाऱ्या बाईची साखर एकदम खालीही जाऊ शकते. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणेच करावे.

बाळाविषयीही दोन शब्द. पहिले सहा महिने आईच्या दुधावाचून काही नको, साखरेचे पाणी नको, गुळाचे पाणी नको. मध तर वर्षाच्या आत कधीच चाटवू नये. मधातून क्वचित असे जंतू जातात की तान्ह्याच्या जिवावर बेतते. सहा महिन्यांनंतर पेज, मऊ भात, वरण, नाचणीचे सत्त्व सुरू कराल, तेव्हा दोन वर्षांपर्यंत वरून साखर घालू नका. बाळाला फिके लागत नाही, फिके आपल्याला लागते.

उसाच्या मुलखात हे बोलणे

निघताना आबांनी हसत विचारले, "साहेब, सगळ्यांनी तुमचं ऐकलं तर आमच्या उसाला कोण विचारणार?" प्रश्न रास्त आहे. 1950 च्या सुमारास प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हापासून साखरेने आपल्या कित्येक गावांत रस्ते, शाळा, पक्की घरे आणली. त्या पिकाची नालस्ती मी करणार नाही. पण मिरची पिकवणारा वाटीभर तिखट खात नाही. आपण माल पिकवतो तो विकण्यासाठी. आपल्या सुनेच्या कपातले दोन चमचे वाचल्याने कारखान्याचा भोंगा बंद पडणार नाही. तिचे अंग बिघडले तर मात्र घराचा गाडा अडेल.

फेब्रुवारीत त्या वस्तीवर पुन्हा जाणे झाले. मधल्या काळात सूनबाईची तपासणी झाली होती. दोन तासांचा आकडा 158 आला, म्हणजे उंबरठ्यावर. रक्तही कमी निघाले आणि गोळ्या चालू होत्या. आकडा कळला त्या रात्री ती रडली, असे वहिनी म्हणाल्या. डॉक्टरांनी सांगितले की खाणे सुधारले आणि रोज चालणे ठेवले, तर इथून मागे फिरता येते. आता संध्याकाळी बाळ आजोबांकडे देऊन ती विहिरीपर्यंत दोन फेऱ्या घालते. अंधारी येणे थांबले आहे. पुढच्या तपासणीला अवकाश आहे, तेव्हा आत्ताच जिंकलो म्हणण्यात अर्थ नाही.

आबांनी वही काढून दाखवली. खताच्या पानामागे साखरेचे पान होते. बाराचे सात किलो झाले होते. पाळण्याशेजारी शेंगदाण्यांचा डबा होता, आणि तो थोरल्या मुलाने भरला होता. तेवढ्यात वहिनींनी चहा आणला. घोट घेतला आणि पुन्हा ओठ चिकटले. मी त्यांच्याकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "घरच्यांचा वेगळा असतो, साहेब. हा पाहुण्यांचा."

म्हटले, वहिनी, पुढच्या खेपेला मलाही घरचाच द्या.

तेव्हा मंडळी, या आठवड्यात एवढेच करा. साखरेचा नवा डबा उघडाल त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा, आणि संपेल त्या दिवशी दुसरी. मधले दिवस मोजा, माणसांनी भागा. घरात लेकुरवाळी असेल तर तिला विचारा, आज सकाळी काय खाल्लेस आणि किती वाजता? तिने दिलेल्या उत्तरावरून पुढे काय करायचे ते तुमचे तुम्हालाच कळेल.

पुढच्या अंकी उन्हाळी भुईमुगाच्या पाण्याच्या पाळ्यांविषयी बोलू. डब्यात भरायला शेंगदाणे घरचेच असलेले बरे.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी